‘युनिट गेलं, नवं टाका’? आधी दाराच्या बिजागरीजवळचं रबर काढून बघा

गाडीवाल्यांच्या गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सार असा: बाहेरून बसवलेला अलार्म रात्री उगाच वाजू लागला, सेंट्रल लॉक मनाने उघड-बंद होऊ लागलं किंवा सकाळी बॅटरी बसलेली मिळाली, की युनिट (अलार्म आणि लॉक चालवणारा डबा) गेलं समजा. ते दुरुस्त होत नाही, नवं टाका. तोवर फ्यूज उडत असेल तर मोठा घाला, आणि बॅटरी बसत असेल तर मोठी घ्या.

यातला फ्यूजचा सल्ला धोक्याचा आहे, म्हणून तो आधी घेतो. फ्यूज युनिटपेक्षाही वायरीला वाचवण्यासाठी असतो. किटच्या, म्हणजे बाहेरून बसवलेल्या या अलार्म-लॉकच्या संचाच्या, वायरी बारीक असतात. १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून ३० चा हिरवा घातला आणि दारात कुठे वायर सोलून पत्र्याला टेकली, तर फ्यूज टिकतो आणि वायर तापते. तीही डॅशबोर्डच्या मागे, फोम आणि कार्पेटला लागून. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय याचा अर्थ बहुधा वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. ती जागा शोधायची असते.

‘लॉक मनाने चालतं म्हणजे युनिट खराब.’ बहुतेक वेळा नाही. बेस मॉडेलला चार दारांचं किट बसवतात तेव्हा ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला पाच वायरी असतात, बाकीच्या तिघींना दोनच. दोन वायरी लॉकचा दांडा पुढे-मागे करतात. ड्रायव्हरच्या मोटरीतल्या उरलेल्या तीन म्हणजे एक स्विच. खटका दाबला की ‘सगळी दारं लॉक कर’ हा निरोप तो युनिटला देतो. या पाचही वायरी बिजागरीजवळून जातात आणि दार उघडताना दर वेळी वाकतात. काही वर्षांनी तांबं आतल्या आत तुटतं आणि वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. दार हललं की तुटकी टोकं टेकतात, सुटतात, आणि युनिटला खोटा निरोप जातो. तपासायला पाच मिनिटं लागतात. दार उघडं ठेवा, वायरींवरचं रबर सरकवा आणि वायरींचा जुडगा हाताने हलवा. मोटरी खटखटल्या तर दोष सापडला.

माझ्या माहितीतल्या एका गाडीत दुकानदाराने दोन वर्षांत दोन किटं बदलली. दोन्ही वेळा दारातली जुनी वायर तशीच ठेवली, टोकं पिळून वर टेप गुंडाळली. उन्हात टेपचा गोंद पातळ झाला, पावसाळ्यात जोडात ओल शिरली आणि दुखणं परत आलं. तुटलेल्या वायरीचा नवा तुकडा सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली, तेव्हा ते थांबलं.

बाकीची तीन दारं लॉक होताना एकच उघडत असेल, तर त्या मोटरीच्या दोन वायरी उलट लागल्यात. त्या बदलल्या की झालं.

‘किल्ली आत राहून गाडी लॉक झाली’ ही तक्रारही युनिटच्याच माथी मारली जाते. अनेक युनिटांत सोय असते की रिमोटने लॉक उघडून दार उघडलंच नाही, तर साधारण ३० सेकंदांनी गाडी पुन्हा लॉक होते. दार उघडल्याचा इशारा युनिटला दाराच्या स्विचकडून मिळतो. ती वायर जोडलीच नसेल किंवा सुटली असेल, तर तुम्ही दार उघडलं तरी युनिटला ते कळत नाही. तुम्ही किल्ली इग्निशनला लावून डिकीतली पिशवी काढायला मागे जाता, दार लोटलेलं असतं, आणि तेवढ्यात लॉक पडतं. आत लहान मूल बसलेलं असेल तर? म्हणून ही एक वायर आजच तपासा.

रात्रीच्या ओरडण्याचं कारण बहुधा साधं असतं. धक्क्याचा सेन्सर पत्र्याला घट्ट न बसवता वायरींच्या जुडग्याला लोंबकळत ठेवलेला असतो, किंवा बॉनेटचा स्विच गंजलेला असतो. एका रात्री सेन्सरचा प्लग काढा, दुसऱ्या रात्री स्विचचा. ज्या रात्री शांतता, तो दोषी.

आता बॅटरी. मोठी घेऊन काय मिळतं ते मोजू. गाडी बंद असताना ३०० मिलिअँपिअर करंटची गळती असेल, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण ११७ तासांत रिकामी होते आणि ४५ ची १५० तासांत. म्हणजे जास्तीचे पैसे मोजून जेमतेम दीड दिवसाची सवलत मिळाली. चांगल्या गाडीत ही गळती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असते. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मालिकेत (केबल सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मधे) जोडा, दारं बंद करून अर्धा तास थांबा, मग आकडा वाचा. मीटर जोडलेलं असताना स्टार्टर मारू नका. कंपनीचे फ्यूज काढून इथे अनेकदा काहीच हाती लागत नाही, कारण किटची वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असते. किटचा स्वतःचा फ्यूज काढल्यावर आकडा पडला, तर तो परत लावून युनिटचे प्लग एकेक काढत जा. ज्याने आकडा पडतो, दोष त्या बाजूला आहे. युनिटला फक्त करंटची आणि अर्थिंगची वायर जोडलेली असतानाही गळती तशीच राहिली, तर युनिट खरंच गेलंय. तेव्हा जरूर बदला.

संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. काही बसवणारे इंजिन बंद पाडणारी रिले (विजेने चालणारा स्विच) इग्निशनच्या वायरीत घालतात. ती स्वस्त रिले किंवा तिचा पिळलेला जोड सुटला, तर गाडी हायवेवर धावता धावता बंद पडते, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टरही थोड्याच दाबांत संपतो. रिले स्टार्टरच्या वायरीत हवी. तिथे ती बिघडली तर गाडी सुरू होणार नाही एवढंच. हे काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तो टेस्ट लॅम्प घेऊन स्टिअरिंगखाली वाकला, तर पिवळ्या वेष्टणातल्या एअरबॅगच्या वायरींना हात लावू देऊ नका.