माझी भिंत, अण्णांची भेग

सोसायटीच्या फळ्यावर काल माझं नाव लागलं. वर पाण्याची टाकी धुण्याची तारीख, खाली मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी, आणि मधे लाल खडूनं: 'फ्लॅट नं. ६. जिन्यात राडारोड्याची गोणी. ११ तास. दंड रु. ५००.' अकरा तास! म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून बसलं होतं. कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. पाचशे रुपयांचं काही नाही. (आहे. पण ते राहू दे.) खालच्या थकबाकीदारांनी दोन-दोन वर्षं पैसे भरलेले नाहीत आणि त्यांची नावं निळ्या खडूनं आहेत.

तर झालं असं. आमचा टू बीएचके सिंहगड रोडला, पहिल्या मजल्यावर. नव्वदच्या सुरुवातीची बिल्डिंग, लिफ्ट नाही. आई कऱ्हाडहून कायमची राहायला आली, पोरगा दहावीत गेला आणि माझं ऑफिस डायनिंग टेबलवर भरायला लागलं. घर तेवढंच, माणसं तेवढीच अधिक एक, पण प्रत्येकाला दार लावता येईल अशी जागा हवी. म्हणून प्लॅन बदलायचं ठरलं.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, बाथरूम जरा इकडे सरकवू, आईला अटॅच्ड होईल. आर्किटेक्ट मुलगी हसली. बाथरूमखालचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो, सगळे पाइप त्या खड्ड्यात. तो खड्डा सरकत नाही. शिवाय चारही मजल्यांची बाथरूमं एकावर एक रचलेली. मी माझं हलवलं तरी वरच्यांचं तिथंच राहणार, आणि त्याच्या बरोबर खाली माझा ओटा येणार. पोळी लाटताना डोक्यावर वरच्या मजल्याचा संडास! हा विषय तिथंच मिटला.

मग तिनं संगणकावर पाच पर्याय करून दाखवले. पाचही सुंदर. एका चित्रात माझ्या स्वयंपाकघरात एक उंच बाई हातात संत्र्याचा रस घेऊन उभी होती. सिलिंडर कुठेच नव्हता. तांदळाचा डबाही नव्हता. बेडरूममध्ये पलंगाच्या दोन्ही बाजूंनी आरामात फिरता येत होतं, म्हणून मी मोजपट्टी लावली, तर चित्रातला पलंग पाच फुटांचा निघाला. आमचा सहाचा आहे. नकाशावर खोली मोठी करायची ही सोपी युक्ती: खोलीला हात लावायचा नाही, सामान लहान काढायचं.

शेवटी एकच गोष्ट उरली. हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत पाडायची. साडेचार इंची विटेची, दोन्हीकडून गिलावा धरून सहा इंच जाड, दहा फूट लांब. ती पडली की टेबल मधोमध येईल, ऑफिस कोपऱ्यात जाईल आणि बेडरूम मोकळी होईल.

सोसायटीची परवानगी मिळाली. ठोकाठोक सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४ ते ६. म्हणजे दिवसाला पाच तास. मजुरी अर्थातच पूर्ण दिवसाची. दुपारी तीन तास दोन बिगारी माझ्या हॉलमध्ये माझ्याच पंख्याखाली झोपायचे आणि मी बेडरूममध्ये दबक्या आवाजात मीटिंगा घ्यायचो.

पहिल्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी हातोडा पडला. दहा वाजून नऊ मिनिटांनी बेल वाजली.

दारात वरच्या मजल्यावरचे अण्णा. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त. पायजमा, बंडी, एका हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला, दुसऱ्या हातात स्वतःची मोजपट्टी. आत आले, पेला जमिनीवर ठेवला आणि शेजारी उकिडवे बसले.

"मारा," ते बिगाऱ्याला म्हणाले.

त्यानं मारला. पाणी थरथरलं.

"बघितलंत?"

मी म्हटलं, "अण्णा, हातोडा मारल्यावर पाणी हलणारच."

"तेच म्हणतोय मी. माझ्या घरात मी हातोडा मारत नाही, तरी हलतं."

मला वर नेण्यात आलं. त्यांच्या हॉलच्या भिंतीत खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी भेग होती. तिच्यावर तीन ठिकाणी कालनिर्णयच्या कागदाच्या पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या, प्रत्येक पट्टीवर तारीख, वेळ आणि अण्णांची सही. एका पट्टीवर संकष्टीचा चंद्रोदयही आला होता. भेग वाढली की पट्टी फाटते, हे तत्त्व. धरणावर काचेच्या पट्ट्या लावायचे म्हणे. इथं काच परवडत नाही.

मी भेग जवळून पाहिली. आत रंग होता. तोही दोन थर, खालचा आकाशी, वरचा क्रीम. "अण्णा, ही तर जुनी आहे. रंगाचे दोन हात आत गेलेत."

अण्णांनी चष्मा सरळ केला. "रंगही ओढून घेतला तिनं."

त्यांच्या हट्टासाठी मी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्याची फी वेगळी. तो आला, भिंतीवर टिचक्या मारल्या, वर बीम पाहिला, कडेचे कॉलम पाहिले आणि म्हणाला, की इमारतीचा भार बीम-कॉलमवर आहे, ही भिंत फक्त स्वतःचं वजन उचलते.

"तेवढं तरी कोण उचलतं हल्ली?" अण्णा म्हणाले.

इंजिनिअर हसला. मी हसलो नाही, कारण त्याचे पैसे मी देत होतो.

"बरं, आणि तीसेक वर्षं ही काहीच करत नव्हती, तर उभी कशाला केली होती?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि माझा खटला मी तिथंच हरलो.

आईनं विचारलं, अण्णांना एवढी धास्ती कशाची? अण्णा म्हणाले, भूकंपाची. आई कप घेऊन खाली टेकली. "कोयनेचा बघितलाय का तुम्ही?"

"११ डिसेंबर १९६७," अण्णा म्हणाले. नुसती तारीख, पण अशी, की कुणी मुलीच्या लग्नाची सांगावी.

"पहाटेचा. आम्ही कऱ्हाडात. मी तिसरीत होते. फडताळातली भांडी आधी बोलली, मग घर. सगळी आळी बाहेर. थंडी अशी की दात वाजताहेत का जमीन हलतेय ते कळेना. पुढं कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो."

"मी इथं पुण्यात होतो, शिकायला. खोलीवर. खाटेवरून खाली."

"पडलात?"

"उतरलो," अण्णा म्हणाले. "आणि किल्लारी, ताई?"

मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. अण्णा मिरवणूक बघून येऊन नुकते आडवे झाले होते, पहाटे चारला चारेक मिनिटं कमी. इथवर दोघं जोरात होती. मग आईनं तिकडच्या मातीच्या, दगडांच्या घरांचं काढलं, झोपेतच गेलेल्यांचं काढलं आणि दोघं गप्प झाली. बिगारीही गप्प झाले. एकानं हातोडा हळूच खाली ठेवला. मी घड्याळ पाहिलं: पावणेबारा. माझ्या पाच तासांतले पावणेदोन तास दोन भूकंपांत गेले होते.

आई मला म्हणाली, "अरे, राहू दे ना ती भिंत. कुणाचा जीव घाबरतो."

भिंत तोवर वरून तीन फूट गेलेली होती! खरं तर, आता लिहिताना वाटतं, तशीच ठेवली असती तरी चाललं असतं. अर्धी भिंत आणि वर कुंड्या, हेच त्या पोरीचं पर्याय क्रमांक चारचं चित्र होतं.

चार दिवसांत भिंत गेली. त्रेचाळीस गोण्या निघाल्या. भिंत गेली, पण तिची जागा गेली नाही. भिंतीखाली फरशी नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉलपासून ओट्यापर्यंत अर्ध्या फुटाचा उघडा पट्टा, डोक्यावरच्या भांगासारखा. तसली फरशी आता कुठं मिळत नाही. भवानी पेठेत दोन शनिवार हिंडलो. शेवटी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसवली. त्यात हॉल आणि स्वयंपाकघराच्या पातळीत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. आता तिथं येताना घरातला प्रत्येक माणूस पाय किंचित उचलतो. भिंत अजून आहे, फक्त आम्ही ती ओलांडतो.

रात्री मी हिशेब केला. दहा फूट गुणिले अर्धा फूट. पाच चौरस फूट. एवढ्यासाठी खर्च सव्वा लाख, इंजिनिअर वेगळा. आणि गंमत पुढंच आहे. रेराच्या, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात (घरातल्या वापरायच्या जागेत) आतल्या भिंतींची जागा धरलेलीच असते; वगळतात त्या बाहेरच्या. म्हणजे ती भिंत आधीपासूनच माझ्या कार्पेटमध्ये होती. कागदावर मला एक इंचही मिळालेला नाही. माझीच जागा मी सव्वा लाखाला माझ्याकडून घेतली.

आता त्या गोणीचं.

त्रेचाळीसपैकी बेचाळीस गोण्या टेम्पोत गेल्या. शेवटची मी रात्री नऊला खाली न्यायला काढली, तेव्हा जिन्यात अण्णा. गोणीत डोकावले. "पक्क्या विटा आहेत हो. आता अशा भाजत नाहीत. राहू द्या सकाळपर्यंत, चार चांगल्या काढून घेतो." मी म्हटलं, घ्या. सकाळी आठला ते विटा घेऊन गेले, उरलेली गोणी मी खाली नेली. नऊ ते आठ. अकरा तास.

आज सेक्रेटरींकडे गेलो. म्हटलं, मी घर सुपर बिल्टअपवर घेतलंय, या जिन्याचे आणि लँडिंगचे पैसे मी मोजलेत. गोणी माझ्याच जागेत होती.

ते म्हणाले, "असेल. मग तुमच्या वाट्याच्या पायऱ्या कुठल्या, तेवढं दाखवा."

मी पाचशे भरले. पावतीवर कारण लिहिलंय, 'इतर'.

आता गॅलरीत उभा आहे. वर अण्णांच्या कठड्याआत तुळस आणि तीन कुंड्या विटांवर मांडल्यात. एका विटेला अजून गिलाव्याचा तुकडा चिकटलाय, त्यावर पिस्ता रंग. २००४ साली मीच निवडला होता तो, बायको नको म्हणत असताना. अण्णा तुळशीला पाणी घालतायत आणि ते विटेवरून ओघळून माझ्या वाळत घातलेल्या टॉवेलवर ठिबकतंय. आत आईनं आधण ठेवलंय. ती खिडकीतून मान बाहेर काढून वर ओरडतेय, "अण्णा, या खाली, चहा होतोय."