पद कुणी लिहिलं, तेही सांगा की

बेळगावात नाट्यसंगीताची मैफल असली की निवेदक सगळं सांगतो. राग सांगतो, मूळ कुणी गायलं ते सांगतो, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, अगदी साउंडवाल्याचेही आभार मानतो. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, कुणी लिहिलं हे मात्र क्वचितच. नाटकाचं नाव घेतलं की झालं, लेखक त्यात आलाच, असा समज.

तो समज 'एकच प्याला'लाच फसतो. नाटक राम गणेश गडकऱ्यांचं, म्हणून पदंही त्यांचीच, असं आपण धरून चालतो. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. त्या नाटकाची पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. नायिका सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्वांनी ती घरोघरी पोचवली. गुर्जर कथाकार म्हणून थोडेफार लक्षात राहिले, पदकार म्हणून पुसले गेले. सिनेमात तेच शांताराम आठवल्यांचं झालं. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'साठी (१९३६) त्यांनी 'आधी बीज एकले' लिहिलं आणि लोकांनी ते तुकोबांच्या खात्यावर जमा केलं. गाथेतलाच अभंग समजून म्हणणारे आजही भेटतात. यालाच काही जण कवीचं भाग्य म्हणतात, नाव विरघळलं आणि गाणं उरलं वगैरे. मला नाही पटत. गायकाचं नाव विरघळलेलं कुणाला चालतं का?

माझा दुसरा संताप आहे तो 'चालीवर लिहिणं म्हणजे हमाली' या समजुतीवर. कविता आधी आणि चाल नंतर, हेच खरं, बाकी सगळं जुळवाजुळव, असं आपल्याकडचे साहित्यिक अजून बोलतात. 'मानापमान'ची (१९११) पदं बघा. संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि नाटककार खाडिलकरांनी त्यांत शब्द बसवले. जागा आधीच ठरलेल्या असतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, वजनदार अक्षर यायला हवं. तान घ्यायची तिथे 'आ'सारखा मोकळा स्वर हवा, तिथे 'ष्ट' नाहीतर 'ट्ठ' आला की गायक अडखळतो. द्रुत लयीत जोडाक्षरं टाळायची. आणि एवढं करून त्या प्रसंगात ते पात्र जे बोललं असतं तेच त्यातून निघायला हवं. हे जुळवणाऱ्याला हमाल म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आमच्या भागात ही कारागिरी जास्त का रुजली, याचं माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. इथे कानात दोन भाषांच्या चाली असतात. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं, तेही कानडी मंडळींचे खेळ बघून. अण्णासाहेब पुढे बेळगावात नोकरी करत होते. आधी नाटक मंडळ्यांना पदं करून द्यायचे, मग १८८० मध्ये 'शाकुंतल' आणि दोन वर्षांनी 'सौभद्र'. त्यांत साकी आणि दिंडी या छंदांच्या, लावणी आणि कीर्तनातल्या चाली आहेत, तशा कानडी पदांच्याही आहेत. आता कानडी शब्द बहुतेक स्वरावर संपतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी सूर आरामात लांबवता येतो. आपण मात्र बोलताना 'घर', 'मन', 'फूल' असं शेवटचं अक्षर मिटवून टाकतो. त्या चालीत मराठी बसवायची तर ओळीच्या शेवटी 'ला', 'ते', 'या', 'सी' असं काहीतरी उघडं आणावं लागतं. जुन्या पदांत 'वदे', 'त्यजी' असली रूपं इतकी का दिसतात, त्याचं एक कारण मला हे वाटतं. निव्वळ संस्कृताचा सोस नव्हे.

गंमत म्हणजे त्या जुन्या छापील नाटकांत प्रत्येक पदावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची पहिली ओळ दिलेली असते. उसनवारी कुठून केली ते उघड सांगायची रीत होती. आम्ही ती रीत सोडली आणि वर शब्दांचा धनीही गाळला.

आमच्या गावांत यात्रेच्या हौशी नाटकांना पदं लिहून देणारे गुरुजी असायचे. पेटीमास्तर यायचा, "मास्तर, चाल तयार हाय, निस्ते शब्द घाला की." नाटकाची पदं झाली की भजनी मंडळाला गौळण, शिवजयंतीच्या चित्ररथाला पोवाडा, लग्नाला मंगलाष्टकं, आणि निवडणूक आली की रिक्षावर वाजणारं प्रचाराचं गाणं. शेवटच्या कामाला तेवढे पैसे मिळायचे, बाकीला नारळ आणि शाल. हँडबिलावर नाव दिग्दर्शकाचं, नायिकेचं (ती बाहेरून आणलेली, म्हणून मोठ्या अक्षरात), देणगीदारांचं. पदकाराचं नाव असलंच तर अगदी खाली, 'प्रिंटिंग'च्या शेजारी.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं तर रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा आता निर्मात्याला किंवा संगीत कंपनीला लिहून घेता येत नाही. जावेद अख्तरांनी त्यासाठी राज्यसभेत भांडण मांडलं. चांगलंच झालं, खरं आमच्या गुरुजींपर्यंत त्यातलं काय पोचलं? पदांची चोपडी पेटीमास्तरकडे, पेटीमास्तर गेला, चोपडी रद्दीत. त्यातली काही गाणी आता यूट्यूबवर 'पारंपरिक' म्हणून फिरतात. 'पारंपरिक' म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव विचारायचा कंटाळा केलेला.

बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरला दरवर्षी साहित्य संमेलनं होतात. कविसंमेलन असतं, कथाकथन असतं. त्यात एक तास गावच्या पदकारांना द्या. चोपड्या असतील त्या स्टेजवर आणा, पेटी मागवा, आणि प्रत्येक पदाआधी लिहिणाऱ्याचं नाव मोठ्याने घ्या. तुमच्या गावात नाटकाची पदं कोण करून द्यायचं ते खाली लिहा. आडनाव आठवत नसेल तर नुसती गल्ली सांगा, शोधू.