सेल्फ कंटेन्ड

परवा कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला, म्हणे, "तू बोटीवर राहतेस? अय्या, किती रोमँटिक गं!" तेव्हा मी कानात इअरफोन घालून सकाळी सातच्या अंधारात कॅनालच्या कडेकडेने चाकं लावलेला वीस लिटरचा डबा ओढत चालले होते. डब्यात काय होतं ते मी तिला सांगितलं नाही. तिकडे दुपार, जेवत होती बिचारी.

तर हो, मी लंडनमध्ये बोटीवर राहते. बोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे गोव्याची क्रूझ नाहीतर केरळची हाउसबोट येते, दोन्ही विसरा. ही नॅरोबोट. ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. बिल्डरच्या भाषेत सांगायचं तर बिल्ट-अप ३९० स्क्वेअर फूट आणि कार्पेट जेमतेम अडीचशे. लोकलचा डबा घ्या, उभा चिरा, आणि उरलेल्या अर्ध्यात किचन, बेड, मोरी, संडास एकामागून एक लावा, झालं माझं घर. पाहुणा आला की त्याला "आत ये" म्हणून भागत नाही, "पुढे चला पुढे" म्हणावं लागतं.

ही रुंदी काही माझी चॉइस नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने मध्य इंग्लंडातले कॅनाल खणताना लॉक (बोट वरच्या-खालच्या पाण्यात चढवायचे-उतरवायचे दारांचे हौद) सात फुटांचे ठेवले, कारण रुंद खणायचे म्हणजे खर्च जास्त आणि पाणीही जास्त, आणि मग त्यात बसायला बोटी पण तेवढ्याच. तेव्हा त्यात कोळसा भरायचे, घोडा काठावरनं ओढायचा, आणि एकोणिसाव्या शतकात तर नावाडी, त्याची बायको, पोरं सगळी मागच्या दहा बाय सातच्या केबिनमध्ये. हे वाचल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं. माझे आईवडील गिरगावात दहा बाय बारामध्ये सहा जण राहायचे.

बोट घेतली ती अर्थात घरभाड्याला वैतागून. पण लंडनमध्ये बोट बांधून ठेवायची कायमची जागा पाहिजे असेल तर तिचं पण भाडं असतं, आणि ते ऐकून मी परत वैतागले, मग दुसऱ्या प्रकारचं लायसन्स घेतलं. त्याला म्हणतात कंटिन्युअस क्रूझर. नाव ऐकून वाटतं की बाई गॉगल लावून डेकवर पहुडल्यात. प्रत्यक्षात नियम असा की एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आपल्याकडे भाडेकरूला निदान अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट तरी असतं.

त्यामुळे माझं जेवण पत्त्यावर अवलंबून असतं. बोट साउथॉल-हेजच्या बाजूला असली की मेथी, गवार, कोवळी भेंडी. आल्पर्टनला असली की ईलिंग रोडवर कढीपत्ता, ताजा नारळ, गुजराती फरसाण, माझे सगळ्यात सुखाचे चौदा दिवस ते. आणि लिटल व्हेनिसला असली की आजूबाजूला इतकी श्रीमंती असते की मी घरात बसून खिचडी खाते. या दोन टोकांमधलं अंतर साडेतेरा मैल, मध्ये एकही लॉक नाही, बोटीने पाच तास लागतात. त्याच भागातनं एलिझाबेथ लाइनची ट्रेन जाते, तिला वीस मिनिटं पण लागत नाहीत. बोटीला स्पीड लिमिट आहे ताशी चार मैल, आणि कोणाची बोट काठाला बांधलेली दिसली की त्याहून हळू जायचं, नाहीतर लाटेने त्याच्या खुंट्या उपटून येतात. म्हणजे कॅनालवर मला जॉगिंग करणारे आजोबा ओव्हरटेक करतात, आणि जाताना गुड मॉर्निंग पण म्हणतात. (लॉक या विषयावर सवडीने लिहीन, आत्ता कंबर धरलीये.)

विजेचं सांगते. छपरावर सोलर, खाली बॅटऱ्या, बारा व्होल्ट. जूनमध्ये मी टाटा पॉवर असते. डिसेंबरात इथे चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा मी नव्वदच्या दशकातलं विदर्भातलं एखादं गाव असते. घरून आणलेला साडेसातशे वॉटचा मिक्सर लावला की इन्व्हर्टर बॅटरीतनं सत्तरेक अँपिअर खेचतो, दिवे मंद होतात, आणि कुठेतरी एक अलार्म पी पी करायला लागतो. इडलीचं पीठ वाटायचं तर आधी इंजिन चालू करावं लागतं. बरं, काठाला उभी असताना इंजिन सकाळी आठ ते रात्री आठ एवढंच चालवायचं असा नियम, म्हणजे इडलीचा विचार आठच्या आत सुचला पाहिजे. मला तो साडेआठला सुचतो.

आणि हे सगळं चालू असताना ऑक्टोबरात आई आली, तीन आठवड्यांसाठी.

आईला मी फोनवर "छोटंसं घर आहे, पाण्याला लागून" एवढंच सांगितलेलं. एअरपोर्टवरनं आणलं, कॅनालच्या काठाने बॅगा ओढत आलो, बोटीपाशी थांबलो. आईने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि विचारलं, "घर पलीकडच्या तीरावर आहे का?"

पहिल्या रात्री काही बोलली नाही. पहाटे साडेचारला मात्र उठून बसली, "कोणीतरी दार वाजवतंय." बदकं होती. बोटीच्या कडेला शेवाळ धरतं ते खायला येतात आणि पत्र्यावर टोचा मारतात, आतून अगदी वरच्या मजल्यावरच्या काकू खलबत्ता घेऊन बसल्यासारखं वाटतं. खरा विषय निघाला तो सकाळी. संडास कसा चालतो ते मी तिला समजावलं. खाली कॅसेट असते, वीस लिटरची, भरली की लाल दिवा लागतो, मग ती काढायची आणि ओढत एल्सन पॉइंटला नेऊन ओतायची, धुवायची, निळं औषध घालायचं, परत आणायची.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "गिरगावात मजल्यावर अकरा बिऱ्हाडं नि चार संडास. बावीस वर्षं काढली. तुझ्या बाबांनी पै पै जमवून डोंबिवलीला ब्लॉक घेतला तो कशासाठी? सेल्फ कंटेन्ड आहे म्हणून. आणि तू लंडनला येऊन परत डबा घेऊन चाललीस?"

"अगं पण आई, हापण सेल्फ कंटेन्डच आहे."

"कंटेन्ड आहे ते दिसतंय. आम्ही डबा पाण्याचा भरून न्यायचो नि रिकामा आणायचो. तू पण भरलेलाच नेतेस नि रिकामा आणतेस. माल तेवढा बदललाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये.

पण मला वाटलं होतं तशी ती रुसून बसली नाही. उलट झालं. आम्ही पाण्याच्या नळावर बोट लावली, नळी जोडली, टाकी भरायला तासभर तरी लागतो तर मी मोबाइल काढला, आणि मागे आई कामाला लागलेली. पातेली, कुकर, माझा सॅलडचा बोल, फुलदाणीसुद्धा, सगळं भरून ओळीने मांडलं. मी म्हटलं आई, टाकी पाचशे लिटरची आहे. तर म्हणे टाकीचं काय घेऊन बसलीस, पाणी कधी जाईल सांगता येतं का. तेवढ्यात मागून एक दाढीवाला बोटवाला आला आणि त्याने सहज नळाकडे बघितलं, नुसतं बघितलं हो, तर आई नळाला पाठ लावून उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "आमचा नंबर आहे." त्याला काय समजलं देव जाणे, पण तो सॉरी म्हणाला आणि गुपचूप मागे जाऊन उभा राहिला. दोन दिवसांनी मी अंगाला साबण लावलेला असताना पाण्याच्या पंपाचा फ्यूज उडाला. दारातनं कुकर आत आला. आई एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

दसरा होऊन गेलेला, चौदा दिवस संपलेले, म्हणून रविवारी साउथॉलच्या बाजूने आल्पर्टनकडे निघालो. आई मागच्या डेकवर स्टूल टाकून, शाल, कानटोपी, हातात चहा. मी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरलेला. (टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. ब्रेक नाही. लग्न ठरवताना जशी बोलणी करतात तशी बोट चालवावी लागते, म्हणजे जायचंय एकीकडे आणि ढकलायचं भलतीकडे.) पाण्यात नारळ तरंगत होते. इकडे कॅनालमध्ये हे दिसतंच, लोक श्रद्धेने सोडतात. आई प्रत्येक नारळाला हात जोडत होती आणि मग हळूच म्हणायची, "चांगला आहे गं, पाण्याचा असणार." मी म्हटलं घेऊ का? तर कानाला हात, देवाला सोडलेला परत घेतात का, आणि दोन मिनिटांनी पुढच्याकडे बघून परत सुस्कारा.

एवढ्यात इंजिनचा आवाज बदलला. घुर्र घुर्र, मागून काळा धूर, बोट जागच्या जागी. पंख्यात काहीतरी अडकलेलं. कशीबशी काठाला लावली, बांधली, इंजिन बंद, किल्ली खिशात. यासाठी मागे डेकच्या फळीखाली एक झाकण असतं, वीड हॅच, ते उघडायचं आणि पालथं पडून खांद्यापर्यंत हात त्या पाण्यात घालून पंखा चाचपायचा. ऑक्टोबरचं पाणी. पहिल्या मिनिटात बोटं दुखतात, दुसऱ्या मिनिटात ती आपली राहत नाहीत.

"लागलं काहीतरी," मी म्हटलं. "कापड आहे."

वरनं आईचा आवाज, "काठ आहेत का?"

मी वीतभर बाहेर ओढलं. हिरवं, गाळाने माखलेलं, कडेला चमकतंय.

"जरीची आहे," आई स्टुलावरनं उतरून वाकली, दोन बोटांनी चोळून बघितलं. "सिंथेटिक. कॉटन असती तर एव्हाना फाटून सुटली असती. आता बस."

मग ब्रेडची सुरी घेऊन मी ती साडी कापायला लागले. शाफ्टला अशी आवळून बसलेली की कोणी मुद्दाम नेसवली असावी. एकेक तुकडा वर देत होते आणि आई तो डेकवर पसरून हाताने मोजत होती. दीड तास. टोपाथवरनं, म्हणजे काठाच्या वाटेवरनं, जाणारे लोक थांबून बघत होते, कॅनालवर असं बघत उभं राहणाऱ्यांना खास शब्द आहे, गॉन्गूझलर, आणि त्यातल्या एकाने, माझा हात खांद्यापर्यंत पाण्यात असताना, मला तो प्रश्न विचारला जो बोटवाल्यांना रोज विचारतात: "हिवाळ्यात थंडी नाही वाजत का हो?"

शेवटी हाताला काही लागेना. "झालं!" मी म्हटलं.

"पाचच वार झालेत," आई म्हणाली. "सहावारी आहे ती. अजून एक वार आत आहे."

"आई, काही नाहीये आत."

"बघ परत. आणि ब्लाऊजपीस कापलेला नसेल तर त्याच्यावर पाऊण मीटर."

परत हात घातला. शाफ्टच्या पार मागे, जिथे तो बोटीत शिरतो तिथे, दोरीसारखा पीळ बसलेला. पदर होता. ब्लाऊजपीस मात्र नव्हता, शिवला असणार कोणीतरी.

झाकण लावून इंजिन चालू करणार तर आई, "झाकण घट्ट लावलंस का?" लावलं. "बघितलंस का परत?" बघितलं. "एकदा बघ." घरातनं निघताना गॅसचं करते तसं. आणि यात चिडायची सोय नाही, कारण ते झाकण नीट बसलं नाही तर पंख्याने उडवलेलं पाणी आत येतं आणि बोट खरंच बुडते. तिसऱ्यांदा बघितलं. अर्धा आटा फिरला. मी तिला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळचं खोटं कशाला बोलू, छान होती. कोळशाची शेगडी पेटवलेली, वर आमटी सावकाश रटरटत होती, खिडकीच्या बाहेर हातभर अंतरावर बगळा उभा, हलत नव्हता. आई म्हणाली, "चाळीत असा शेजारी नव्हता." साडीचे तुकडे तिने तीनदा धुतले आणि वाळवून फडकी केली. इंजिन पुसायला माझ्याकडे आता जरीची फडकी आहेत.

आणि संडास. दोघी असताना कॅसेट तिसऱ्या दिवशी भरायला पाहिजे. चौथा दिवस गेला, पाचवा गेला, लाल दिवा नाही. मला वाटलं दिवाच बिघडला. आठव्या दिवशी विचारलं, तर आई शांतपणे म्हणाली, "घरचा कशाला भरायचा?" तिने पहिल्याच आठवड्यात सगळी माहिती काढलेली. सुपरमार्केट सकाळी किती वाजता उघडतं, लायब्ररीतला कुठल्या मजल्यावर, देवळातला सगळ्यात स्वच्छ, पॅडिंग्टन स्टेशनवर फुकट. पॅडिंग्टनचं तर ती जेवणावळीचं करावं तसं कौतुक करायची. कुठेही बाहेर पडलो की परत निघताना चार लोकांत मोठ्याने, "जाऊन आलीस का? जाऊन ये." मी चौतीस वर्षांची आहे. नवव्या दिवशी दिवा लागला.

ती गेली त्याला आता महिना झाला. जाताना एवढंच म्हणाली की सोसायटीत सांगेन मुलीने लंडनला सेल्फ कंटेन्ड घेतलंय, पाण्याला लागून, खोटं काही नाही त्यात. माझी कॅसेट हल्ली, एकटीच असल्यामुळे, दोन-दोन आठवडे जाते. मैत्रिणीचा फोन आला ती सकाळ त्यातलीच एक. एरवी मी सकाळी आठला ऑफिसात हजर असते, कोणी यायच्या आधी, थेट दुसऱ्या मजल्यावर. मॅनेजरने यंदा अप्रेझलमध्ये लिहिलंय, डेडिकेशन.