पुरात भिजलेलं कार्पेट मिठाने आणि पंख्याने वाचत नाही

विश्वामित्री नदीला पाणी चढलं की बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातला उपाय असा: भिजलेलं कार्पेट उचलू नका, जागेवरच राहू द्या. वर मीठ किंवा खाण्याचा सोडा पसरा, दारं-खिडक्या लावून पंखे जोरात सोडा, दोन दिवसांनी ब्लीच किंवा डेटॉलचं पाणी शिंपडा. वास गेला की कार्पेट पहिल्यासारखं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हा उपाय घरातल्या दम्याच्या माणसाच्या आणि रांगत्या मुलाच्या छातीवर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

पहिला प्रश्न मेसेज विचारतच नाही: पाणी कुठलं? गच्चीवरची टाकी वाहिली किंवा नळाचा पाइप फुटला, तर ते पाणी स्वच्छ असतं आणि त्याच दिवशी उपसलं तर कार्पेट वाचू शकतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, फतेगंज, अकोट्याकडच्या घरांत पाणी शिरलं, ते या जातीचं नव्हतं. नदीच्या पाण्यात गटारं मिसळली होती. अशा पाण्यात मैला असतो, गाड्यांचं तेल असतं, उंदरांच्या मुतातून येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. पायाला साधी चीर असली तरी ते शरीरात शिरतात. म्हणून कार्पेटला हात लावण्याआधी गमबूट आणि रबरी हातमोजे घाला.

‘जागेवरच राहू द्या’ हा सल्ला सगळ्यात घातक. खोलीभर अंथरलेलं मशीनचं कार्पेट एकाच थराचं नसतं. वरचे धागे एका जाळीत टोचलेले, त्यांना मागून लॅटेक्सच्या डिंकाने धरलेलं, त्यामागे आणखी एक कापड आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांत खाली फोम. वरचे धागे पंख्याने सुकतात, हाताला कोरडे लागतात, आणि आपण सुटलो असं वाटतं. खालचा फोम मात्र पाणी धरून बसलेला असतो, आणि त्या पाण्याला वर यायला वाट नसते. ओल राहिली तर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. लॅटेक्स कुजून मागचं कापड सुटतं, कार्पेटला फुगे येतात. बुरशी मेली तरी तिचे कण हवेत उडतात आणि ॲलर्जी असणाऱ्याला त्रास देतातच. गटाराच्या पाण्याने भिजलेलं फोमचं कार्पेट टाकूनच द्यावं लागतं. किंमत कितीही असो, माझं उत्तर बदलत नाही.

पंख्याचं म्हणाल, तर पंखा ओल बाहेर काढत नाही, हवा फक्त फिरवतो. ऑगस्टातली आपली हवा मुळात दमट, त्यात खिडक्या बंद, मग पाणी जाणार कुठे? पाऊस थांबला असेल तर खिडक्या उघडा. पडत असेल तर त्या लावून एसी ‘ड्राय’ मोडवर ठेवा. पंखा किंवा एसी लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून प्लग-पॉइंट तपासून घ्या, आणि साधा व्हॅक्युम क्लीनर ओल्या कार्पेटवर मुळीच लावू नका, शॉक बसतो.

मीठ हवेतली ओल ओढतं. ते धाग्यांत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात कार्पेट पुन्हा चिकट होतं. सोडा वास थोडा दाबतो, बुरशी मारत नाही.

ब्लीचबद्दल मात्र थांबून वाचा. चिखलावर ओतलेल्या ब्लीचची ताकद चिखलातच संपते, खालपर्यंत पोचत नाही. लोकरीचा धागा ते खाऊन टाकतं. आणि संडास धुण्याचं ॲसिड त्यात पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. पुरानंतरच्या साफसफाईत या दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी असतात.

सगळंच फेकायचं असं मी म्हणत नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कित्येक घरांत आजी-पणजीच्या काळचे हाताने गाठी मारलेले गालिचे आहेत. त्यांत फोम नाही, डिंक नाही, त्यामुळे ते खरोखर धुता येतात. पहिल्या दिवशीच स्वच्छ पाण्याची नळी दोन्ही बाजूंनी सोडा, चिखल निघून निथळ पाणी येईपर्यंत. ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का बघा. सुटत असेल तर साबण न लावता गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडे द्या. गटाराचं पाणी लागलं असेल तरीही तिथेच द्या. दोरीवर टाकू नका, ओल्या वजनाने सुती ताणा, म्हणजे उभे धागे, तुटतो. गच्चीवर बाजेवर पसरून, वारा लागेल अशा सावलीत वाळवा. सुती सतरंज्या गरम पाण्यात धुतल्या की चालतात.

२०२४ मध्ये पूर ओसरला आणि ७ सप्टेंबरला गणपती आले. घर लवकर सजवायची घाई सगळ्यांनाच होती, आणि अशा घाईतच हा मेसेज पटतो. गणपतीसाठी चटई अंथरा. कार्पेटखालची फरशी घासून, पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच नवं काही टाका.

घराचा विमा असेल तर फेकण्याआधी कार्पेटचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, आणि कोपऱ्यातला हातभर तुकडा कापून पिशवीत बांधून घराबाहेर ठेवा. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला की तो दाखवता येतो.