दीडशे जणांचा स्वयंपाक

युद्धाचं पुस्तक हातात आलं की मी आधी त्यात जेवण शोधतो. नकाशे नंतर.

हे खूळ अण्णांमुळं लागलं. आमच्या गल्लीतले अण्णा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, ७१ च्या लढाईत होते. आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी. त्या दिवशी सगळी गल्ली पाइप धरून दारात उभी, गप्पाही तिथंच. असाच एकदा मी उत्साहानं त्यांना रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या कादंबरीची सुरुवात सांगायला लागलो. पहिलं महायुद्ध, जर्मन कंपनी. आघाडीवर गेले दीडशे, परत आले ऐंशी. आचाऱ्यानं मात्र दीडशे जणांचं शिजवून ठेवलेलं. भुकेली पोरं खूश, आज डबल मिळणार! आणि आचारी अडून बसलेला, दीडशे जणांचं आहे, ऐंशी जणांना कसं वाढू?

अण्णा मोठ्यानं हसले. “लांगरी असलाच असतोय बघ. नफरीपरमानं!” (लांगरी म्हणजे फौजेतला आचारी, नफरी म्हणजे माणसांची मोजणी.) मग हसू थांबलं. “पण वाढलं का त्यानं शेवटी?” तेवढ्यात शेजारच्या वहिनींचं बॅरल भरून वाहायला लागलं, आरडाओरडा झाला आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

तोवर मी सेनापतींची आत्मचरित्रं वाचणारा माणूस होतो. कुठली डिव्हिजन कुठून वळली, पूल कुणी उडवला, असलं सगळं पाठ. कॉलेजात त्यावर भरपूर भाव खाल्लाय. आता ती पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर गेलीत. त्यांत माणसं मरतात, पण कुणाला भूक लागत नाही.

आता पानिपतच घ्या. १४ जानेवारी १७६१. इथं सोलापुरात त्या दिवसांत गड्ड्याची यात्रा भरलेली असते, भोगीची बाजरीची भाकरी आणि राळ्याचा भात पोटात असतो. आणि तिकडं आपली माणसं उपाशीपोटी लढाईला उभी राहिली होती. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते, छावणीला वेढा पडलेला, जनावरं चाऱ्यावाचून मरत होती. भुकेनं मरण्यापेक्षा लढून मरू, असं सरदारांनी भाऊंना सांगितलं आणि मग ती लढाई झाली. विश्वासरावांना गोळी लागल्यावर काय झालं यावर आपण तासन्‌तास भांडतो. आधीचे अडीच महिने छावणीत चूल कशी पेटत होती, हे विचारत नाही.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ मला म्हणूनच जवळचा. घरावर कर्ज, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेला निघाला आणि बंडात सापडला. झाशीचा वेढा, नंतर शहरात गोऱ्यांनी केलेलं बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, सगळं त्यानं बघितलं. बाजू घ्यायला तो तिथं गेलाच नव्हता. जीव, दक्षिणा आणि गंगेची कावड सांभाळत घरी पोचायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसतो.

कादंबरी वाचावी की खरे अनुभव, हा वाद मला फारसा कळत नाही. रेमार्क स्वतः आघाडीवर दोन महिनेसुद्धा नव्हता. १९१७ च्या जूनमध्ये गेला, जुलैअखेर जखमी झाला, पुढं दवाखान्यात. तिथं खाटेला खाट लावून पडलेल्यांचं त्यानं ऐकलं. उलट लेखिका स्वेतलाना अलेक्सीविचनं कल्पनेचं काहीच घातलं नाही, दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजेत असलेल्या शेकडो बायकांना बोलतं केलं आणि त्याचं पुस्तक केलं. नेमबाज होत्या, नर्सा होत्या, पण सैनिकांचे कपडे धुणाऱ्या आणि पाव भाजणाऱ्यासुद्धा होत्या. बायकांना पुरुषांचे अंतर्वस्त्र वापरायला दिलेले, हे त्या पुस्तकात वाचलं तेव्हा मी पाच मिनिटं पुस्तक मिटून बसलो. एकाही रणगाड्यानं माझं असं केलं नव्हतं. आपल्याकडं विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आहे, १९३९ ची. नाव रणांगण आणि आत आहे नुसती बोट, युरोपातून निघालेली, घर सुटलेल्या ज्यूंनी भरलेली. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणून एका रात्रीत संपवली होती.

आणि भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक? आपण सोलापूरकर पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. १९३८ ला जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर गेले, चार परत आले, आपले द्वारकानाथ ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय ३२. एवढं पाठ असतं. ज्या सैन्याबरोबर ते डोंगरात राहिले, त्याचं रोजचं अन्न होतं राळं. आपण भोगीला वर्षातून एकदा कौतुकानं शिजवतो तेच. हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा तो पुतळा माणूस वाटला. मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं होतं, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा पोरगं चार महिन्यांचंही नव्हतं.

(टीव्हीवर सायरन वाजवून युद्ध विकणाऱ्यांबद्दल काही लिहीत नाही. त्यांची जेवणं वेळेवर होतात.)

तर परवा पाणी आलं. अण्णांनी पाइप लावला, माझ्याकडं आले आणि थेट विचारलं, “मग वाढलं का त्या लांगऱ्यानं?” चार दिवस माणसानं तेवढंच धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, हो अण्णा, कंपनी कमांडर आला, सगळं वाढून टाक म्हणाला.

“हां,” अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, “आमच्याकडं उरल्यालं कुणी घेतलं न्हाई.”

आणि बादली सरकवायला गेले.