बाळशास्त्रींना हार घातला, पण पोरांना शिकवणार कोण?

६ जानेवारीला कोकणात तालुक्यातालुक्यात पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, चार भाषणं. त्यांचं पोंभुर्ले गाव आपल्या देवगड तालुक्यातलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्या भाषणांत शिक्षक बाळशास्त्री कुठेच नसतात, याचं फार वाईट वाटतं.

१८३२ साली 'दर्पण' हे वृत्तपत्र काढणारा हा माणूस पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होता. शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचंही काम त्यांनी पाहिलं. १८४० मध्ये 'दर्पण' थांबलं, पण त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक सुरू केलं, भूगोल-इतिहास-विज्ञान लोकांपर्यंत न्यायला. संपादकाने शिकवायचं असतं, हे त्यांनी जगून दाखवलं.

आणि आज? बारावी झालेला हुशार पोरगा एखाद्या पेपरचा तालुका वार्ताहर होतो. मानधन नावापुरतं, वर दिवाळी अंकाच्या जाहिराती आणायच्या. सातबाऱ्यावरचा फेरफार कसा वाचायचा, ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात काय बघायचं, हे त्याला कोणी शेजारी बसवून सांगत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तराची मुदत तीस दिवसांची, उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कुणाकडे करायचं, एवढं जरी पक्कं शिकवलं तरी त्याची बातमी 'असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे' याच्या पुढे जाईल. पर्ससीन या मोठ्या जाळ्याने मासे धरणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला वाद घ्या. बंदरावर जाऊन दोन्ही बाजूंशी बोलायचं तर आधी नियम माहीत हवेत, नाहीतर जो मोठ्याने बोलेल त्याचीच बातमी होते.

जिवाचा प्रश्नही आहेच. प्रस्तावित रिफायनरीबद्दल लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडले गेले. धमकी आली तर ती लेखी कुठे नोंदवायची, संपादकाला कधी कळवायचं, हेसुद्धा शिक्षणच आहे. ते मुंबई-पुण्याच्या वर्गांवर सोडून चालणार नाही. तिथली फी आणि खोलीभाडं आमच्या खलाशाच्या मुलीला परवडत नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे. ज्या संपादकांची हयात या धंद्यात गेली, त्यांनी महिन्यातला एक शनिवार तालुक्याच्या कॉलेजात द्यावा. कॉलेजांनी वर्गखोली द्यावी. पत्रकार संघांनी शाली-नारळांचा खर्च दोन मुलांच्या फीकडे वळवावा. आमच्या तालुक्यात कोणी सुरुवात करत असेल तर एका मुलाची वर्षाची फी मी भरतो. खाली लिहा, मी स्वतः फोन करीन.