स्पर्धेतली ग्रेड जाहिरातीत चालणार नाही

परवा आपल्या जुन्या कॉमिक्सच्या ग्रुपवर आलेली एक जाहिरात मी काढून टाकली. तेव्हापासून इनबॉक्समध्ये नुसता भडिमार चालू आहे. कोणी विचारतंय, कोणी झापतंय, एक-दोघांनी तर ‘ॲडमिन झालात म्हणजे मालक झालात का’ इथपर्यंत मजल मारली. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

जाहिरात होती इंद्रजाल कॉमिक्सच्या एका जुन्या वेताळ अंकाची. फोटो एकच, तोही ट्यूबलाइटखाली तिरका काढलेला. खाली ठसठशीत अक्षरांत ‘ग्रुपच्या ग्रेडिंग स्पर्धेत ७.० मिळालेला अंक’ आणि किंमत नेहमीच्या भावाच्या तिप्पट. अंक खरोखरच आपल्या स्पर्धेत येऊन गेला होता, सातची ग्रेडही खरी. तरी जाहिरात काढली. पुन्हा आली तर पुन्हा काढेन.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी स्पर्धा थोडक्यात. होस्ट काही अंकांचे फोटो टाकतो, सभासदांनी ते पाहून ग्रेड, म्हणजे अंक किती चांगल्या अवस्थेत आहे याचा ०.५ ते १० मधला आकडा, ओळखायची आणि खासगी मेसेजवर कळवायची. मुदत संपली की खरी ग्रेड उघड होते आणि ज्याचा नेम सगळ्यात कमी चुकला तो जिंकला. हा खेळ मूळ अमेरिकन संग्राहकांचा. त्यांचं एक बरं आहे, त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. फ्लोरिडातली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिक्स तपासते, ग्रेड देते आणि अंक प्लॅस्टिकच्या सीलबंद कवचात घालून परत पाठवते. त्या कवचाला सगळे स्लॅब म्हणतात. होस्टने स्लॅबवरचं लेबल झाकून फोटो टाकला की झालं. फक्त तो फोटो स्वतः काढलेला हवा, कारण लिलाव कंपन्यांच्या साइटवर विकलेल्या प्रतींची चित्रं ग्रेडसकट वर्षानुवर्षं पडून असतात आणि शोधणारे शोधतात.

आपल्याकडे स्लॅब नाहीत. दोन-चार हजारांचा इंद्रजाल फ्लोरिडाला पाठवायचा तर फी, टपाल, विमा, कस्टम्स धरून चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून उत्तर आपणच ठरवतो. तिघे जण अंक हातात घेऊन, पानं मोजून, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर ग्रेड लिहितात. फोटो ग्रुपवर पडण्याआधी या चिठ्ठ्या पाकिटात बंद झालेल्या असतात. तिघांपैकी मधली ग्रेड ती खरी. सरासरी का नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. समजा चिठ्ठ्या आहेत ५.०, ५.५ आणि ७.०. सरासरी काढली तर ५.८३ येते, आणि अशी ग्रेडच अस्तित्वात नाही. शिवाय एकाला अंक फारच आवडला म्हणून उत्तर वर सरकतं. मधली घेतली की ५.५, आणि सातवाला गप्प.

गुणांचंही तसंच. पुष्कळ जण सरळ वजाबाकी करायला सांगतात. पण ही फूटपट्टी सगळीकडे सारखी आखलेलीच नाही. एकूण पायऱ्या २५. २.० पासून ९.० पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढत जाते, त्यापुढे ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १०. खाली २.० च्या आत १.८ ही एक चमत्कारिक पायरी आहे. आता ९.८ च्या अंकाला कोणी ९.२ म्हटलं तर वजाबाकीत फरक ०.६, पण चुकल्या तीन पायऱ्या. ४.० ला ४.५ म्हटलं तर फरक ०.५ आणि पायरी एकच. वजाबाकीने दोघांना जवळपास सारखी शिक्षा होते. हा सरळ अन्याय आहे, म्हणून आपण पायऱ्या मोजतो. यावर आता पुन्हा वाद नको, प्लीज.

आता माझ्या आवडीचा नियम, ज्यावरून मला सगळ्यात जास्त शिव्या पडल्यात. मी आधी फक्त मागचं कव्हर दाखवतो. पुढचं दाखवतच नाही. मागच्या कव्हरावर जाहिरात असते आणि जाहिरातीवर कोणाचं प्रेम नसतं. त्यामुळे माणूस तिथे जे आहे ते बघतो: पांढऱ्या भागावर चढलेली पिवळट झाक, खालच्या कोपऱ्यातली पाण्याची कड, पिनेभोवती गंजाचं तपकिरी वर्तुळ, थप्पीत वरच्या अंकाबाहेर राहिलेल्या कडेवर बसलेली धुळीची पट्टी. यावरून पहिला आकडा घ्यायचा आणि तो लॉक करायचा. मग पुढचं कव्हर, मग दुसरा आकडा. पुढच्या कव्हरावर वेताळ घोड्यावर बसलेला दिसला रे दिसला की निम्म्या लोकांचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वर जातो. पुढच्या बाजूला जास्तीचा दोष दिसत असला तरी! अगदी त्याच अवस्थेतला एखादा परीकथेचा अंक ठेवा, आकडा हलत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ग्रेड कागदाची द्यायची असते आणि आपण देतो चित्राला, आठवणीला, शाळेच्या सुट्टीला. स्पर्धा घ्यायची ती ही खोड आपल्याच डोळ्यांसमोर उघडी पडावी म्हणून.

एका ज्येष्ठ सभासदांनी, मी त्यांना काकाच म्हणतो, फार कळवळून लिहिलं होतं, ‘अहो, पन्नास वर्षं ट्रंकेत जपला, नातवालासुद्धा हात लावू दिला नाही, आणि तुम्ही त्याला चार म्हणता?’ काका, तुमच्या जपण्याला कोणी चार म्हटलेलं नाही. अंकाच्या पाठीवर, म्हणजे तो जिथे दुमडतो त्या कडेवर, पिनेपाशी, रंग फोडून गेलेल्या सहा बारीक चिरा आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्याला घडी पडून गेलीय आणि त्या घडीवरचा रंग उडून आतला पांढरा कागद दिसतोय. नुसती घडी असती, रंग न फोडणारी, तर गोष्ट वेगळी होती. वर्ष कितीही जुनं असो, ही चीर तेवढीच मोजायची. अंक दुर्मीळ आहे हे किंमत सांगेल, ते काम ग्रेडचं नाही.

हवामानाची सबबही तीच. अमेरिकेत एडगर चर्च नावाच्या गृहस्थांचा संग्रह १९७७ मध्ये कोलोरॅडोत सापडला. अंक नवे घेतलेले, थप्पीत दाबून ठेवलेले, हवा कोरडी, त्यामुळे १९४० च्या आगेमागे छापलेल्या अंकांची पानंही पांढरीशुभ्र. आपल्याकडे रत्नागिरीच्या घरात चार महिने भिंतीला ओल, कसर, वाळवी आणि वर लहान भावंडं. मान्य. पण म्हणून रत्नागिरीच्या सहाला नऊ म्हणायचं का? मला तर तो सहा डेन्व्हरच्या नऊपेक्षा भारी वाटतो. सहाच म्हणायचं, आणि शेजारी रत्नागिरी लिहायचं.

कापलेल्या अंकांबद्दल मात्र आपण आपला नियम केला आणि त्याचा मला अभिमान आहे. भाड्याच्या लायब्ऱ्यांनी दहा-दहा अंक एकत्र घेऊन, दाभणाने टोचून, पुठ्ठ्यात बांधले आणि तिन्ही कडा मशीनवर कापल्या. नंतर कोणीतरी ते सोडवले आणि सुटे विकले. कडा इतक्या सरळ आणि ताज्या दिसतात की नवखा हमखास फसतो. वरच्या कडेला इंद्रजालच्या नावाची अक्षरं अगदी टेकली असतील, पाठीजवळ पिनांखेरीज तीन भोकं असतील, तर पट्टी लावून उंची मोजा. सीजीसीकडे कापलेल्या कडांना वेगळ्या, जांभळ्या लेबलात टाकतात. तसं इथे केलं तर आपले निम्मे अंक जांभळे होतील. म्हणून आपण ग्रेडच्या आधी ‘कापलेला’ एवढा एकच शब्द लावतो. लपवत नाही, वाळीतही टाकत नाही. पहिल्या पानावरचं ‘हे पुस्तक चोरणाऱ्याला पाप लागेल’ आणि खाली बाळबोध वळणात मालकाचं नाव, याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मला विचाराल तर शाईचा दोष म्हणून मोजायचं. आणि मनातल्या मनात हसून घ्यायचं.

तर मुद्द्यावर येतो. एवढं सगळं चोख करतो तर मग ती ग्रेड जाहिरातीत का नको?

एक कारण साधं. अंक तिघांच्या हातातून परत गेला, तो सीलबंद होऊन नाही गेला. त्यानंतर तो कुणी हाताळला, कुठे ठेवला, आम्हाला माहीत नाही. इंद्रजालच्या पिनेला गंज चढायला एक पावसाळा पुरतो. अमेरिकेत तर सीलबंद कवचं उघडून आतला अंक बदलल्याचे प्रकार अलीकडे उघडकीला आले. आपल्याकडे कवचही नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. स्पर्धा चालते ती आकड्याला किंमत नाही म्हणून. परीक्षक तिघेही संग्राहक आहेत, स्वतः विकतात, विकत घेतात. अंक पाठवणाराही ओळखीतलाच. आज त्याला पाच मिळाले काय आणि सहा मिळाले काय, चार लोक हसतील आणि विषय संपेल. उद्या त्या एका आकड्यावर हजार-दोन हजार रुपये अवलंबून असले, की अंक पाठवणारा परीक्षकाला फोन करणार. करणार कसला, झालाच एक फोन. ‘दादा, अर्ध्याने वर घ्या ना, तुमचं काय जातं?’ परीक्षकाने मला सांगितलं, तो अंक फेरीतून काढला आणि पुढे विषय वाढवला नाही. पण परीक्षक थोडा मऊ असता तर?

आणि ही हाव कुठून आली तेही माहीत आहे. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला त्या १९३८ च्या अंकाची ८.५ ची प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली, ही बातमी या ग्रुपवर निदान वीस जणांनी टाकली. बातमी टाका, मलाही मजा येते. पण त्या ८.५ मागे किती तपासणी आहे तेही बघा. दुरुस्ती झाली आहे का, रंग भरलाय का, आतलं कूपन कापलंय का. १९७४ च्या नोव्हेंबरचा हल्कचा तो प्रसिद्ध अंक घ्या, ज्यात वुल्व्हरीन पहिल्यांदा पुरता दिसतो. त्याच्या आतल्या पानावर मार्व्हलचा एक स्टॅम्प छापलेला होता आणि त्या काळच्या पोरांनी तो कात्रीने कापून वहीत चिकटवला. कव्हर आरशासारखं असतं, फोटोत ९.० म्हणाल, आणि आत चौकोनी भोक. फोटो पाहून ग्रेड ओळखणं हा खेळ आहे तो असल्याच गोष्टींमुळे. आपले परीक्षक पानं मोजतात, कापलेलं बघतात, पण रंगकाम ओळखायला लागतात तसे दिवे आणि भिंगं आपल्यातल्या कुणाकडे नाहीत.

विकायचं असेल तर खुशाल विका, ग्रुप त्यासाठीही आहे. जाहिरातीत पुढचं-मागचं कव्हर, पाठ, मधल्या पानावरच्या दोन्ही पिना, आणि जिथे दोष आहे तिथला फोटो जवळून. सपाट स्कॅनबरोबर एक फोटो बाजूने उजेड पाडून काढलेला हवा, कारण स्कॅनरखाली अंक दाबला जातो आणि वाकलेला भागही सपाट दिसतो. उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये. ग्रेड लिहायचीच असेल तर ‘माझ्या मते’ म्हणून लिहा, म्हणजे घेणारा तुम्हाला विचारेल, ग्रुपला नाही.

बक्षिसाबद्दलही कुरबुर आहे. रोख मिळणार नाही, अंकही मिळणार नाही. जिंकणाऱ्याला अंक ठेवायच्या मायलारच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशव्या, मागे घालायचे बोर्ड आणि पुढच्या फेरीचा होस्ट होण्याचं ओझं.

पुढची फेरी रविवारी रात्री नऊला, दहा मागची कव्हरं. मुदत मंगळवार. आकडे मेसेजवरच पाठवा, कमेंटमध्ये टाकलात तर बाद. काका, तुमचा दुसरा अंक आला आहे, तो या वेळी आहे.